मिलग्रॅमचे आज्ञापालन-प्रयोग

वरिष्ठाच्या सांगण्यावरून सामान्य माणूस आपल्या सदसद्विवेकाविरुद्ध कुठवर जातो, हे तपासणारी सामाजिक मानसशास्त्रातील प्रयोगमाला. स्टॅन्ली मिलग्रॅम (१९३३–८४) यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात ती ऑगस्ट १९६१ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइखमान याच्यावर खटला चालू होता. आपण केवळ हुकूम पाळले, हा त्याचा बचाव होता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मिलग्रॅम यांना हा प्रश्न परका नव्हता.

स्मरणशक्तीवरील संशोधन म्हणून जाहिरात देऊन साडेचार डॉलर मोबदल्यावर माणसे बोलावली. प्रत्येकाला ‘शिक्षक’ केले. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला की १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत चढत जाणारा विजेचा झटका द्यायचा. विद्यार्थी प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता आणि झटके खोटे होते. शिक्षकाला मात्र यातले काही ठाऊक नसे. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधानुसार ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत गेले. ते निर्विकारपणे गेले असे समजणे अन्यायाचे होईल: कित्येकांना घाम फुटला, हात थरथरले, जीभ अडखळली.

६५ टक्के हा आकडा सर्वतोमुखी झाला, पण खरा ऐवज नंतरच्या फेरबदलांत आहे. विद्यार्थी त्याच खोलीत बसवला तेव्हा ४० टक्केच शेवटपर्यंत गेले. त्याचा हात स्वतः धरून झटक्याच्या पट्टीवर दाबावा लागला तेव्हा ३० टक्के. प्रयोगकर्ता फोनवरून सूचना देऊ लागला, तर प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आले. सोबतच्या दोघा शिक्षकांनी (तेही आधी ठरवलेलेच) नकार दिला, तेव्हा तर ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच, स्वभाव तसेच. खोलीची मांडणी बदलली की वागणे बदलते. इच्छास्वातंत्र्य मानणाऱ्यांना हे आकडे अस्वस्थ करतात, आणि ते करायलाच हवेत.

मिलग्रॅम यांचे स्पष्टीकरण असे, की हुकुमाखाली माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचे साधन समजू लागतो आणि जबाबदारी वर ढकलतो (‘ऑबिडियन्स टू ऑथॉरिटी’, १९७४). सहभागींना फसवून मानसिक यातना दिल्याबद्दल मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच कठोर टीका केली. ती रास्त होती.

मूळ प्रयोगात कुणी कचरला की प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्ये क्रमाने म्हणे. पहिल्यात पुढे चालू ठेवण्याची विनंती होती, दुसऱ्यात प्रयोगाची गरज सांगितलेली. चौथे होते, तुम्हाला दुसरा पर्यायच नाही. पुढे मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी कॅलिफोर्नियात या प्रयोगाची १५० व्होल्टवर थांबणारी सौम्य आवृत्ती केली (प्रसिद्धी २००९). तीत ७० टक्के लोक त्या मर्यादेपुढे जायला तयार झाले. पण ज्यांना चौथे वाक्य ऐकवावे लागले, त्यांच्यापैकी एकानेही पुढची कळ दाबली नाही.