धावपट्टी आणि विमानतळ

विमानतळाचा इतिहास म्हटला की राजा, मंत्री आणि कोनशिला डोळ्यांपुढे येतात. त्यांचा मान त्यांना आहेच. कोल्हापूरजवळ उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ उभारला, तेव्हा जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला हवाई टपाल आणल्याला अवघी सात वर्षे झाली होती. १९४० साली महाराज वारले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. माळावरची पट्टी राहिली. पण पट्टी राहिली म्हणजे विमानतळ राहिला, असे होत नाही.

आपल्या विट्याला जवळची पट्टी कऱ्हाडची. कोयना धरणाच्या कामासाठी ती १९५५ साली बांधली गेली. धरण झाले, १९६२ साली वीज निर्माण होऊ लागली. पट्टीवर मात्र नियमित प्रवासी विमान आले नाही. तिची लांबी सुमारे १,२८० मीटर. विमान जितके जड, तितकी त्याची धाव लांब. त्यातून उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि पंखांना आधार कमी मिळतो. कोल्हापूरची पट्टीही १,३७० मीटरच होती. तिच्यावर पंख्यांची सत्तरएक आसनांची विमाने चालत. पुढे ती १,९३० मीटर केली.

परंतु नुसती लांबी काय कामाची? विमान टेकण्यापूर्वी अग्निशामक बंब माणसांसह सज्ज असावा लागतो, आणि विमान जितके मोठे तितके बंब व पाणी अधिक. वाऱ्याची दिशा व ढगांची उंची वैमानिकाला कळवावी लागते. पट्टीवर सुटा खडा राहिला तर तो यंत्रात ओढला जातो, म्हणून कोणीतरी रोज ती पट्टी डोळ्यांखालून घालतो. पक्षी हाकणाराही लागतो. (शेतकऱ्याला गोफण नवी नाही, फक्त पीक निराळे!) रात्री विमान उतरविण्याची परवानगी कोल्हापुरास २०२२ साली मिळाली, तोवर सूर्य मावळला की विमानतळही मावळे.

२०११ साली मुंबईची सेवा बंद पडली आणि २०१८ पर्यंत नियमित विमान नव्हते. नंतर 'उडान' योजना आली : काही आसनांचे भाडे मर्यादित, आणि कंपनीची तूट ठराविक वर्षे सरकार भरून देणार. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हैदराबाद व बंगळूर जोडले गेले. आपल्या खानापूर तालुक्यातील गलाईवाले सोने-चांदी गाळण्यासाठी दक्षिणेत दूरदूर पसरले आहेत. घरी कोणी अत्यवस्थ झाले की दोन रात्रींच्या प्रवासाचा अर्थ काय होतो, हे त्यांना विचारावे. विमान त्यांच्या उपयोगाचे आहे. प्रश्न एवढाच की तूट भरण्याची मुदत संपल्यावर ते टिकते काय, आणि तिकीट भट्टीवरच्या कामगाराला परवडते की फक्त दुकानाच्या मालकाला.

१० मार्च २०२४ रोजी कोल्हापूरच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. दगडी कमानी देखण्या आहेत. पण देशभरच्या विमानतळांवर झाडलोट आणि सामान चढविणे-उतरविणे ही कामे बहुधा कंत्राटावरच दिलेली असतात. त्या माणसांचा हजेरीपट कंत्राटदाराकडे असतो, आणि कंत्राटदार बदलला की त्यांची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते.