फ्रेंच शब्दांत्य उच्चार

फ्रेंच भाषेतील शब्दांच्या अखेरीस लिहिल्या जाणाऱ्या, परंतु बोलताना बहुधा न उच्चारल्या जाणाऱ्या वर्णांचा ऐतिहासिक विकास. ‘लहान’ या अर्थाचे पुल्लिंगी विशेषण ‘प्ती’ असे उच्चारले जाते. त्याच्या अखेरचा ‘त्’ केवळ लेखनात असतो. नवशिक्या अभ्यासकास ही लेखनपद्धती लहरी वाटते. वस्तुतः तीत सुमारे हजार वर्षांच्या ध्वनिपरिवर्तनाचे स्तर साठलेले असून, अनुच्चारित वर्ण हे एके काळी उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनींचे अवशेष आहेत.

फ्रेंच ही लॅटिनोद्भव भाषा. गॉल प्रदेशातील बोली लॅटिनमध्ये बलाघात पूर्वीच्या अवयवावर पडत असल्याने अंत्य स्वर दुर्बल होत गेले. आठव्या शतकाच्या सुमारास ‘आ’ वगळता बहुतेक अंत्य स्वर लोपले आणि ‘आ’चे रूपांतर अस्फुट ‘अ’मध्ये झाले. त्यामुळे ‘मूरुम’ (भिंत) याचे ‘म्यूर’ झाले, तर ‘पोर्ता’ (दरवाजा) याच्या फ्रेंच रूपात अस्फुट अंत्य स्वर राहिला. फ्रेंचचा आद्य लेख मानल्या जाणाऱ्या स्ट्रासबर्ग येथील शपथांत (८४२) ‘बंधू’ हा शब्द कोठे ‘फ्राद्रे’, तर कोठे ‘फ्राद्रा’ असा लिहिलेला आहे. हा अस्फुट स्वर रोमन लिपीत कसा दाखवावा, याविषयीची लेखनिकाची अनिश्चितता त्यातून दिसते.

स्वरलोपानंतर व्यंजने शब्दाच्या अखेरीस आली. प्राचीन फ्रेंचमध्ये ती उच्चारली जात. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांपासून व्यंजनारंभी शब्द पुढे आल्यास त्यांचा लोप होऊ लागला. स्वरारंभी शब्दापूर्वी व विरामापूर्वी ती टिकून राहिली. सोळाव्या-सतराव्या शतकांत विरामापूर्वीचा उच्चारही बहुतांश मावळला. या त्रिविध अवस्थेचा नमुना ‘सहा’ या संख्यावाचकात अद्याप आढळतो : व्यंजनापूर्वी ‘सी’, स्वरापूर्वी ‘सीझ’ आणि स्वतंत्रपणे ‘सीस’. स्वरापूर्वी टिकलेल्या व्यंजनाच्या उच्चारास ‘लिएझाँ’ म्हणतात. ‘मित्र’ या शब्दाचे एकवचन व अनेकवचन दोन्ही ‘आमी’च, पण उपपदासह अनेकवचन ‘लेझामी’ असे ऐकू येते. ‘थोर’ या अर्थाच्या ‘ग्राँ’ शब्दाच्या अखेरीस आज ‘द्’ लिहितात. तथापि ‘ग्राँतॉम’ (थोर पुरुष) यात ‘त्’ उच्चारला जातो. प्राचीन फ्रेंचमध्ये अंत्य ‘द्’ अघोष होऊन ‘त्’ बनला होता व तसाच लिहिला जाई. लॅटिनच्या अनुकरणाने लेखनात ‘द्’ परत आला, उच्चारात मात्र ‘त्’ राहिला.

अंत्य ध्वनींच्या लोपाचे परिणाम व्याकरणावरही झाले. अनेकवचनाचा ‘स्’ नाहीसा झाल्याने वचन ओळखण्याचा भार ‘ल’ व ‘ले’ या उपपदांवर आला. ‘बोलणे’ या क्रियापदाच्या वर्तमानकाळातील ‘मी’, ‘तू’ व ‘ते’ यांची रूपे तीन प्रकारे लिहिली जातात, परंतु तिन्हींचा उच्चार ‘पार्ल’ एवढाच होतो. म्हणून सर्वनाम अपरिहार्य ठरले. स्त्रीलिंगी रूपात अस्फुट स्वराने व्यंजनास आडोसा दिल्याने ते टिकले : ‘प्ती’, परंतु ‘प्तीत’. कालांतराने उत्तरेकडे तो स्वरही लोपला. दक्षिण फ्रान्समधील उच्चारात तो अद्याप ऐकू येतो.

मुद्रणकला व राजभाषेचे धोरण यांमुळे लेखन स्थिरावू लागले, तेव्हा उच्चार बदलतच होता. लूई मेग्रे याने १५५० मध्ये उच्चारानुसारी लेखनाचा पुरस्कार केला, परंतु तो मान्य झाला नाही. फ्रेंच अकादमीच्या (स्थापना १६३५) वतीने मेझरे याने १६७३ मध्ये जुन्या लेखनपद्धतीचे समर्थन करताना, तीमुळे विद्वान आणि अज्ञ जन व सामान्य स्त्रिया यांतील भेद कळतो, असे कारण नमूद केले. लेखननियमांचा सामाजिक प्रतिष्ठेशी असलेला संबंध यातून उघड होतो. अकादमीच्या कोशाची पहिली आवृत्ती १६९४ मध्ये निघाली. १७४० च्या आवृत्तीत अनेक अनुच्चारित वर्ण गाळण्यात आले. याउलट १८३५ च्या आवृत्तीत ‘मुले’ या अर्थाच्या ‘आंफां’सारख्या अनेकवचनी शब्दांत अंत्य ‘स्’पूर्वीचा ‘त्’ लेखनात पुन्हा दाखल झाला. १९९० च्या लेखनसुधारणांनीही अनुच्चारित अंत्य व्यंजनांची सर्वसाधारण व्यवस्था बदलली नाही.

लेखनाचा उच्चारावर उलट परिणामही झाला. सतराव्या शतकात ‘फिनीर’ (संपविणे) वर्गातील क्रियापदांचा अंत्य ‘र्’ बोलण्यात लोपला होता. तो पुढे पुनःस्थापित झाला. ‘पार्ले’ (बोलणे) वर्गात मात्र तसे झाले नाही. ‘ऑगस्ट’ या अर्थाच्या शब्दाचे ‘ऊ’ व ‘ऊत’ असे दोन उच्चार आज प्रचलित आहेत.

नवशिक्यास स्थूलमानाने असे सांगता येईल, की ‘क्’, ‘र्’, ‘फ्’ व ‘ल्’ हे अंत्य वर्ण पुष्कळदा उच्चारले जातात (‘आव्हेक’, ‘मेर’, ‘शेफ’, ‘सेल’) आणि ‘त्’, ‘द्’, ‘स्’, ‘प्’ हे बहुधा अनुच्चारित राहतात. यास अपवाद आहेत : ‘ताबा’ (तंबाखू) यातील ‘क्’ व ‘क्ले’ (किल्ली) याच्या एका लेखनातील ‘फ्’ मूक आहेत. लिएझाँही सर्वत्र होत नाही. ‘ले एरो’ (वीर) यात ती केल्यास ‘ले झेरो’ म्हणजे ‘शून्ये’ असा अर्थ होतो.

मराठी वाचकास हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. ‘घर’ या शब्दात अंत्य ‘अ’ लेखनात गृहीत असतो, उच्चारात नसतो. फ्रेंच नावे मात्र मराठीत पुष्कळदा इंग्रजीमार्गे आली. म्हणून फ्रेंच ‘पारी’ हे मराठीत अंत्य ‘स’सह ‘पॅरिस’ म्हणून रूढ झाले. उलट ‘देकार्त’ व ‘काम्यू’ या मराठी रूपांत मूळ लेखनातील अंत्य ‘स्’ गाळून फ्रेंच उच्चार जपलेला आहे.