पुढचे पुस्तक : बोईसरच्या लोहमार्गावरून विनोदी अद्भुतकथेचा मागोवा

विनोदी अद्भुतकथांची आवडती मालिका संपली की पुढे काय वाचायचे, या प्रश्नाला मराठीत बराच जुना इतिहास आहे. इंग्रजीत टेरी प्रॅचेट यांनी ‘डिस्कवर्ल्ड’ या एकाच कल्पित जगावर १९८३ ते २०१५ या काळात ४१ कादंबऱ्या लिहिल्या. त्या वाचकाला पुढच्या पुस्तकाची चिंता बरीच वर्षे पडत नाही. मराठीत हा प्रकार असा एका लेखकाच्या नावावर, एका फळीवर साठलेला नाही. ग्रंथालयांच्या कपाटांवर कादंबरी, कथा, विनोदी, नाटक, बालवाङ्मय अशा पाट्या असतात. विनोदी अद्भुतकथेची पाटी नसते. भुते, राक्षस, चेटकिणी, बोलके प्राणी आणि त्यांच्याभोवतीचा हशा या सगळ्या कपाटांत विखुरलेला आहे. म्हणून एक आवडते पुस्तक संपले की मराठी वाचकाला कपाट बदलावे लागते, आणि ते बदलताना कोणीतरी बोट धरावे लागते. कधी मासिकाने ते काम केले, कधी देवघेव विभागातल्या माणसाने, तर कधी गाडीत शेजारी बसलेल्या प्रवाशाने.

हा इतिहास बोईसरच्या बाजूने पाहणे सोयीचे आहे. बोईसर हे पुण्या-मुंबईसारखे प्रकाशनाचे केंद्र नाही. पण मुंबई आणि बडोदे या मराठी वाचनसंस्कृतीच्या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या लोहमार्गावर ते आहे. छापलेली गोष्ट लेखकाच्या गावापासून दूर असलेल्या वाचकापर्यंत कशी पोचते, हे अशा गावात स्पष्ट दिसते.

छापील मराठीच्या आरंभीच्या काळातच अद्भुत आले. वैजनाथशर्मा यांची ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूर येथे मोडी लिपीत छापली गेली. सिंहासनावर चढू पाहणाऱ्या भोजराजाला बत्तीस पुतळ्या एकामागून एक अडवतात आणि प्रत्येक पुतळी विक्रमाची एक गोष्ट सांगते. एक गोष्ट संपते तीच पुढची पायरी, आणि पुढच्या पायरीवर पुढची पुतळी. ‘वेताळपंचविशी’तही तेच. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, आणि पुन्हा खांद्यावर घेतला की नवी गोष्ट. मालिका वाचण्याची सवय मराठी माणसाला कादंबरीने लावली असे म्हटले जाते, पण ती या बत्तिशी-पंचविशींनी आधीच लावून ठेवली होती.

त्यानंतरचा मोठा टप्पा १८६०च्या दशकातला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचाही त्या कामाला हातभार लागला. याच दशकात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून डहाणू-बोईसर-पालघरच्या पट्ट्यातून खाली उतरत १८६४ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोचला. या अरबी गोष्टी सांगणारी शहरजाद राणी मराठी बोलू लागली आणि पालघरच्या किनारपट्टीला आगगाडी मिळाली, ती जवळपास एकाच वेळी. पुढे शंभरेक वर्षांनी गौरी देशपांडे यांनी त्याच गोष्टींचे, म्हणजे ‘अरेबियन नाइट्स’चे, १६ खंड मराठीत आणले. चिपळूणकरांच्या पानावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना मोठेपणी तीच राणी तिच्या सगळ्या धिटाईसह पुन्हा भेटली. एकाच ग्रंथाचे दोन अनुवाद हेही ‘पुढचे पुस्तक’ असू शकते, याचा यापेक्षा चांगला दाखला मराठीत सापडणे कठीण.

विनोदाची वाट अद्भुताला वेगळ्या ठिकाणी येऊन मिळाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधले लेख विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मासिकांतून येऊ लागले. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या ही त्रयी लग्नात, ज्योतिषात, परीक्षेत, समारंभात घुसते आणि नेहमीच्या जगातले तर्क इतके ताणते की ते जग कल्पित वाटू लागते. यात जादू नाही, पण अतिशयोक्ती जादूचेच काम करते. हे लेखही वाढत वाढत बत्तीस झाले आणि त्यांच्या संग्रहाला ‘साहित्य-बत्तिशी’ असे जोडनाव मिळाले. वाचक या त्रयीच्या प्रेमात पडला, तेव्हा पुढचे पुस्तक दुसऱ्या लेखकाने दिले. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावाने विनोदी लेखन केले, आणि चिं. वि. जोशींनी चिमणराव, गुंड्याभाऊ आणि त्यांचा गोतावळा उभा केला. एकाच लेखकाची अखंड मालिका नसली, तरी गुरूकडून शिष्याकडे आणि तिथून पुढच्या पिढीकडे गेलेली ही साखळी मालिकेइतकीच सलग आहे. ज्याला ‘सुदाम्याचे पोहे’ आवडले, त्याला ‘बाळकराम’ द्यावे आणि मग ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. ही शिफारस आजही बिनचूक ठरते.

जोशींचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे. ते बडोद्याला होते, पाली भाषेचे अभ्यासक होते आणि जातककथाही त्यांनी मराठीत आणल्या. चिमणराव वाचून हसलेला वाचक त्याच लेखकाचे बोट धरून बोलक्या माकडांच्या, हरणांच्या आणि हत्तींच्या जुन्या जगात जाऊ शकत होता. त्याच बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था घडवायला सुरुवात केली होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणारी फिरती ग्रंथालये त्या व्यवस्थेचा भाग होती. मार्गाच्या दुसऱ्या बाजूला ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले होते. पालघर-बोईसरचा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तो तसाच राहिला.

मात्र या किनाऱ्यावर पुस्तकाआधी गोष्ट पोचवण्याचे सर्वांत मोलाचे काम ग्रंथालयाने नव्हे, बालवाडीने केले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडला गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुलांच्या घरी पुस्तक नव्हते आणि शाळेची मराठी त्यांच्या बोलीपासून दूर होती. मुले शाळेत यावीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. गाणे, खेळ आणि गोष्ट हीच तिथली पहिली पाठ्यपुस्तके होती. वारली घरांत देव-दानवांच्या, धान्याच्या आणि पावसाच्या गोष्टी पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात होत्या. जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा या उत्सवात मुखवटे घालून देव आणि राक्षस रात्रभर नाचत, आणि त्या राक्षसांना पाहून मुले आधी घाबरत व मग हसत. या मुलांना अद्भुत नवीन नव्हते. नवीन होते ते अक्षर. ताराबाई आणि अनुताईंनी ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी अक्षराकडे नेले. पुढचे पुस्तक कसे निवडावे याचे सूत्र यात आहे: जे आवडते त्याला चिकटलेले, पण एक पाऊल पुढचे.

स्वातंत्र्याच्या आगेमागेची वर्षे मासिकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा घातली होती. तिला अनंत अंतरकरांनी नवे वळण दिले. ‘हंस’, विनोदाला वाहिलेले ‘मोहिनी’ आणि अद्भुत, रहस्य व भयाला वाहिलेले ‘नवल’ ही तीन मासिके त्यांनी १९४६ ते १९५२ या काळात सुरू केली. विनोद आणि अद्भुत ही दोन कपाटे एकाच संपादकाच्या हाती आली, आणि एका अंकाचा वाचक सहजच दुसऱ्याकडे वळू लागला.

मुलांसाठी हेच काम ‘चांदोबा’ने केले. मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेले हे मासिक १९५२ मध्ये मराठीत आले. त्यातल्या विक्रम-वेताळाची हकिकत लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूळ गोष्टी पंचवीसच. त्या संपल्या तेव्हा संपादकांनी मालिका बंद केली नाही. तोच राजा, तेच झाड, तोच खांद्यावरचा वेताळ ठेवून ते नव्या गोष्टी रचत राहिले, आणि हे कित्येक दशके चालले. पुढची गोष्ट हवी ही वाचकाची मागणी इतक्या निष्ठेने पुरवणारे दुसरे उदाहरण दाखवणे अवघड आहे. पुढे नोव्हेंबर १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ सुरू केले. शाळांमधून पोचणाऱ्या या मासिकामुळे जिथे पुस्तकांचे दुकान नव्हते तिथेही नामवंत लेखक आणि चित्रकार पोचले.

त्या काळात पुस्तकांतही भर पडत होती. भा. रा. भागवतांनी ‘फास्टर फेणे’ची मालिका लिहिली. ती अद्भुत नव्हे, धाडसाची. पण ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणून त्याच वाचकाला चंद्रावर आणि समुद्रतळाशी नेणारेही भागवतच. विंदा करंदीकरांनी ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) आणि ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ (१९८१) या बालकवितांत असे जग उभे केले की तिथले भूत भीतीपेक्षा हसूच अधिक आणते. सुधा करमरकरांची ‘लिटल थिएटर’ आणि रत्नाकर मतकरींची ‘बालनाट्य’ या संस्थांनी चेटकीण व राक्षस रंगमंचावर आणले. मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’ आणि ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही नाटके त्यातूनच घराघरांत माहीत झाली. द. मा. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा तर अफवेतून भूत कसे जन्मते ते दाखवते. विनोदी अद्भुतकथेचा तो सर्वांत नेमका मराठी नमुना म्हणावा लागेल. जी. ए. कुलकर्णींच्या गूढ कथांनी दडपून गेलेल्या वाचकाने त्यांचे ‘बखर बिम्मची’ उघडले, तर तोच लेखक एका लहान मुलाच्या डोळ्यांनी पाखरांशी, प्राण्यांशी गप्पा मारताना दिसतो. राजीव तांबे यांच्या ‘प्रेमळ भूत’ या पुस्तकांनी ही परंपरा आजच्या मुलांपर्यंत आणली.

याच काळात बोईसर बदलले. बोईसरजवळच्या तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. देशातले ते पहिलेच. पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि शेती, मासेमारी व बागायतीच्या या पट्ट्यात महाराष्ट्राच्या सर्व भागांतून आणि परप्रांतांतून कुटुंबे आली. विज्ञानाशी रोजचा संबंध असलेल्या अशा वसाहतींना मराठी विज्ञानकथा जवळची वाटावी हे स्वाभाविक होते. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले बाळ फोंडके पुढे विज्ञानकथाकार म्हणून नावाजले. वेताळाच्या जागी परग्रहावरचा पाहुणा आला, पण प्रश्न विचारण्याची त्याची खोड तीच राहिली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदाही याच काळातला, १९६७चा. त्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळू लागले. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी एक पुस्तक, एक मासिक घरी न्यायचे, ही पद्धत सगळीकडे सारखी. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद डकवलेला असतो. त्यावर शिक्क्यांची गर्दी झाली, कागदावर कागद चढला, की पुस्तक वाचनीय आहे हे परीक्षण न वाचताही कळते. काही वाचक ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली बारीक खूण करतात, वाचलेले पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून. देवघेव करणाऱ्या माणसाला वर्गणीदारांच्या आवडी पाठ असतात, आणि ‘हे घ्या, तुम्हाला आवडेल’ एवढ्या तीन-चार शब्दांवर अनेकांचे वाचन वर्षानुवर्षे चालते. दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी असते, आणि त्या दोन-तीन महिन्यांत एरवी विनोदी पुस्तकांपलीकडे न जाणाऱ्याच्या हातीही ‘नवल’ पडतो.

दुसरे वाचनालय गाडीचे. बोईसर ते मुंबई हे अंतर शंभरेक किलोमीटरचे, आणि पूर्वी ते शटल व लांब पल्ल्याच्या गाड्यांनीच कापावे लागे. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. एका बाजूला दोन-अडीच तास म्हणजे पातळ कादंबरीचा अर्धा भाग. भजने आणि पत्त्यांच्या डावांच्या जोडीला मासिके हातोहात फिरत, आणि रेल्वे स्थानकांवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून घेतलेला अंक उतरण्याआधी चार जणांनी चाळलेला असे. मोबाइलने ही देवघेव बरीच कमी केली आहे, आणि ते नुकसान खरे आहे. पडद्यावरची शिफारस वाचकाला त्याच कपाटापाशी थांबवते. शेजारचा प्रवासी त्याला दुसऱ्या कपाटाकडे नेत असे.

‘हॅरी पॉटर’ आता मराठीत आहे, आणि सात खंड संपवलेल्या मुलाने पुढे काय वाचावे असे आई-वडील विचारतात. त्याला प्रथम ‘प्रेमळ भूत’ द्यावे, मग ‘पिशी मावशी’ मोठ्याने वाचून दाखवावी. थोडा मोठा झाला की ‘भुताचा जन्म’, नंतर चिमणराव, आणि शेवटी कोल्हटकर. कोल्हटकरांची भाषा जुनी आहे, पण दोन लेख नेटाने वाचले की तिसरा आपोआप वाचला जातो. यासाठी फार खर्चही लागत नाही. गडकरी १९१९ मध्ये, कोल्हटकर १९३४ मध्ये आणि चिं. वि. जोशी १९६३ मध्ये वारले. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे तिघांचेही लेखन आता सर्वांना खुले आहे आणि कोणतीही शाळा किंवा वाचनालय ते छापून मुलांना वाटू शकते. ‘किशोर’चे जुने अंकही बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहेत.