फवारणीआधी पंपात साधे पाणी भरून पाहा. वायसर, झाकण, नोझल आणि दाबाची घरच्या घरी तपासणी

पऱ्हाटीवर पहिला फवारा मारायची वेळ आली, की मागच्या हंगामात कोपऱ्यात ठेवलेला पंप बाहेर निघतो. धूळ झटकली, औषध ओतले आणि पाठीवर घेतला, असेच बहुतेक ठिकाणी होते. पंप गळतो हे वावरात गेल्यावर, सदरा ओला झाल्यावर कळते. तोवर औषध पाठीवर आलेले असते.

यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळे सांगायची गरज नाही. 2017 च्या हंगामात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, उकाडा होता, तोंडावर रुमालापलीकडे काही नव्हते. कारणे बरीच होती, सगळा दोष पंपाचा नव्हता. पण गळका पंप हे असे कारण आहे, की जे घरच्या अंगणात, बादलीभर पाण्यात आणि अर्ध्या तासात दूर करता येते. शिवाय बऱ्याचदा पंप असतो मालकाचा आणि पाठ असते मजुराची. म्हणून ही तपासणी पंपाच्या मालकानेच करायची आहे.

आधी अंगणात पाण्याची चाचणी

पाठीवरच्या दांड्याच्या पंपात (साधारण 16 लिटरचा) अर्धी टाकी साधे पाणी भरावे. झाकण घट्ट लावून पंप कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर पाच मिनिटे आडवा ठेवावा. कागद ओला झाला तर झाकणाचे रबर गेले, किंवा झाकणावरच्या बारीक हवेच्या छिद्राची झडप गेली. हे छिद्र महत्त्वाचे आहे. टाकीतले पाणी कमी होईल तशी तिथून हवा आत यावी लागते. छिद्र बुजले तर टाकी आत ओढली जाते आणि दांडा जड चालतो. झडपच नसेल तर वाकल्याबरोबर औषध मानेवर येते. काही जण छिद्रात काडी खुपसतात, काही चिंधी लावतात. दोन्ही चूक. कृषी केंद्रात नवे झाकण मिळते, तेच घ्यावे.

त्यानंतर पंप उभा करून, ट्रिगर बंद ठेवून दांडा चालवावा. काही झटक्यांनंतर तो कडक व्हायला पाहिजे. मग पाच मिनिटे हात न लावता थांबावे आणि नळीचे दोन्ही सांधे, ट्रिगरची मूठ, टाकीचा तळ यांवरून कोरडे बोट फिरवावे. ट्रिगर सोडल्यावर नोझलमधून थेंब पडत राहिले तर आतले वायसर झिजले आहे. दांडा कडकच होत नसेल, तर दट्ट्याचे वायसर किंवा खालची गोळी तपासावी. बऱ्याच वेळा गोळीखाली नुसता कचरा अडकलेला असतो आणि माणूस नवा पंप घ्यायला निघतो.

नळी दुमडून पाहावी. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर नळी बदलावी, तार किंवा चिंधी बांधून हंगाम काढू नये. पट्टे टाकी पूर्ण भरून तपासावेत. भरलेला पंप वीस किलोच्या आसपास जातो, आणि चालता चालता पट्टा तुटला तर माणूस आणि औषध दोन्ही खाली येतात.

वायसरला कोणते तेल?

इथे गावोगाव एक चूक होते. रबरी वायसरला इंजिन ऑइल, ग्रीस नाहीतर डिझेल लावतात. त्याने साधे रबर फुगते, नरम पडते आणि महिनाभरात पुन्हा गळू लागते. एरंडेल तेल लावावे, दोन थेंब पुरतात. जुन्या पितळी पंपात चामड्याचे वायसर असते. ते सुकले की आकसते आणि दाब धरत नाही. ते रात्रभर खाण्याच्या तेलात भिजवले की बहुधा पुन्हा कामाला लागते.

नोझल तोंडाने फुंकू नका

नोझल तुंबले की ते काढून तोंडाने फुंकायची सवय फार जुनी आहे. औषध थेट ओठावर जाते, यापेक्षा जास्त काय सांगायचे. तार किंवा सुई घातली तर छिद्र मोठे होते. जुना दात घासायचा ब्रश आणि स्वच्छ पाणी, एवढेच वापरावे. वावरात जाताना खिशात एक जादा नोझल ठेवावे, तुंबलेले घरी आणून धुवावे. पाणी टाकीत गाळूनच ओतले, टाकीच्या तोंडाची जाळी काढून फेकली नाही, तर तुंबण्याचा प्रश्न निम्मा कमी होतो.

झिजलेले नोझल डोळ्यांना दिसत नाही, मोजावे लागते. नेहमीच्या वेगाने दांडा चालवून एक मिनिट फवारा मापाच्या डब्यात धरावा. समजा, नवे असताना मिनिटाला 600 मिली पाणी येत होते. आता 660 च्या वर येत असेल, म्हणजे 10 टक्क्यांहून जास्त, तर नोझल बदलायची वेळ झाली. 720 येत असेल तर जिथे 10 पंप लागायचे तिथे 12 लागतात. नव्या नोझलपेक्षा ते दोन पंपांचे औषध महाग पडते.

तणनाशकाचा पंप मात्र वेगळाच ठेवावा. 2,4-डी मारलेला पंप नीट न धुता पऱ्हाटीवर नेला, तर पाने भेंडीच्या पानासारखी चिरली जातात, वाढ खुंटते. कपाशीला हे औषध अगदी थोडेही सोसत नाही. पंपावर लाल रंगाने मोठे 'तण' लिहून ठेवले तर शेजारी मागायला आला तरी घोळ होत नाही.

हवा भरायच्या पंपाला जास्त जपा

पाठीवरच्या पंपाच्या टाकीत दाब नसतो, तो आतल्या लहान नळकांड्यात असतो. भाजीपाला, गोठा, घराभोवतीच्या फवारणीला वापरतात त्या हवा भरायच्या पंपात मात्र सगळी टाकीच दाबाखाली असते. सहा सेंटिमीटर रुंद तोंडावर 3 किलोच्या दाबाने सुमारे 85 किलोचा जोर येतो. म्हणून दाब असताना झाकण फिरवले तर ते उडून तोंडावर बसते. आधी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून हवा पूर्ण सोडावी. कडी नसेल तर पंप उलटा धरून, फवारा माणसापासून लांब ठेवून, फुसफुस थांबेपर्यंत ट्रिगर दाबावा. मगच झाकण हळूहळू सैल करावे.

चाचणीसाठी टाकी साध्या पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरावी. हवा कमी असली की टाकी फुटली तरी पाणी फक्त सांडते; हवेने भरलेली टाकी फुटली तर तुकडे उडतात. पंपावर वाकून उभे राहू नये. हळूहळू हवा भरावी. टाकीवर छापलेल्या दाबाच्या आसपास सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसला पाहिजे. मूठ फार कडक झाली तरी तो सुटत नसेल तर तिथेच थांबावे, दाब सोडावा आणि व्हॉल्व्ह बदलेपर्यंत पंप वापरू नये. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने यात हवा भरणे म्हणजे टाकी फोडायला बसणे. टाकी उन्हाने पांढुरकी, खडूसारखी झाली असेल, तळाशी केसाएवढी चीर असेल, तर एमसील लावून ती वाचत नाही.

काम संपल्यावर

औषध रात्रभर टाकीत ठेवू नये. तीन वेळा पाण्याने धुवावे आणि दर वेळी थोडे पाणी नोझलमधूनही काढावे, नाहीतर नळीत औषध तसेच राहते. हे धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारावे. विहीर, नाला, गुरांच्या हौदाजवळ नको. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक, मळमळ किंवा दम लागणे असे झाले तर कपडे काढून साबणाने अंग धुवावे, 108 ला फोन करावा आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. कोणते औषध होते हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

कोरडा पंप झाकण उघडे ठेवून, सावलीत, उलटा टांगावा. जमिनीवर ठेवला तर उंदीर नळी कुरतडतात. भंगारात काढायची टाकी मात्र आधी कापून टाकावी, कारण अख्खी टाकी कोणाच्या तरी घरी पाणी भरायला जाते.