मुखशुद्धि आणि फुप्फुसें

दांत घासणें हा केवळ शिष्टाचार, असें शाळेंत शिकवितांना मी समजत असें. १६८३ सालीं हॉलंडांतील डेल्फ्टच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्यानें आपल्या दांतांवरचें किटण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. त्यांत असंख्य जीव वळवळत होते. दुर्बळ वृद्धांच्या झोपेंत असे जंतु लाळेबरोबर श्वासनलिकेंत उतरून न्यूमोनिया होऊं शकतो. जपानांतील ११ शुश्रूषागृहांत योनेयामा व सहकाऱ्यांनीं २ वर्षें प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. प्रत्येक जेवणानंतर ज्यांचे दांत घासून दिले, त्यांच्यांत न्यूमोनिया व त्यानें होणारे मृत्यु, दोन्ही घटले. जंतु दिसल्यापासून हें सिद्ध होण्यास तीन शतकें लोटलीं. घरांत अंथरुणास खिळलेलें वडील माणूस असेल, तर आज रात्रीं औषधाबरोबर ब्रशहि विसरूं नये.