सगळं मनाच्या माथी

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने येरवड्याकडे जाताना मेंटल हॉस्पिटल कॉर्नर लागतो. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय २५४० खाटांचं. भिंतीच्या आत मनाचे आजार आणि बाहेर शरीराचे, ही जुनी वाटणी आता मोडली आहे, पण मोडली ती भलतीकडे. शिबिरांच्या फलकांपासून सकाळच्या व्हॉट्सअॅपपर्यंत एकच सिद्धांत: प्रत्येक रोगाचं मूळ मनात. गाठ आली, तर राग गिळला असणार. गुडघे धरले, तर अहंकार वाकत नसणार.

पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. शेल्डन कोहेन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना संसर्ग जास्त झाला. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांची छोटीशी जखम भरायला इतरांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. पण विषाणू नाकात घालावाच लागला, जखम हत्यारानेच करावी लागली. मनाने भर घातली, सुरुवात केली नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिलं आहे. वाढवणाऱ्या! कोणी प्रज्ञापराधाकडे बोट दाखवील. पण तो म्हणजे बुद्धी, धृती, स्मृती ढळल्यावर हातून घडणारं चुकीचं कर्म, नुसतं खिन्न असणं नव्हे. आयुर्वेदाच्या नावाने शिबिरं भरवणाऱ्यांनी ती पानं एकदा उघडावीत.

अल्सर हे काळजीचं फळ, असं डॉक्टरही कित्येक दशकं सांगत. पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. तोवर ‘चिंता सोडा’ ऐकत बसलेल्या किती रुग्णांना हवी होती ती प्रतिजैविकं!

उलटा प्रवासही आहे. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांना एका प्रकारच्या वेडाने मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू सापडले. थायरॉइड मंदावला, बी-१२ घटलं, तरी माणूस उदास होतो. त्याला सुविचार पाठवण्याआधी रक्त तपासावं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते मनोरुग्णांचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीव्र मनोविकार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर मरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नेतात ते हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे रोग. काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, तंबाखू असतेच. त्यात छातीत दुखतंय म्हणावं, तर ‘मनाचे खेळ’ हे उत्तर तयार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ ने त्यांना शारीरिक रुग्णांच्या बरोबरीने उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कात वेळेवर काढलेला ईसीजीही येतो.