क्ष-किरण चित्रण : बालके, वृद्ध व अपघातग्रस्त रुग्ण

क्ष-किरण चित्रण म्हणजे शरीरातून आरपार गेलेल्या क्ष-किरणांच्या साहाय्याने आतील रचनेची छाया फिल्मवर किंवा अंकीय शोधकावर मिळविण्याची पद्धती होय. हाडांतील कॅल्शियम या किरणांचे अधिक शोषण करते, म्हणून हाडे चित्रात पांढरी व हवेने भरलेली फुप्फुसे काळी दिसतात. या चित्रणाच्या प्रमाणित पद्धती उभ्या राहू शकणाऱ्या, सांगताच श्वास रोखणाऱ्या व अवयव स्थिर ठेवणाऱ्या प्रौढ व्यक्तीला अनुसरून ठरत गेल्या. लहान मूल, जराजर्जर वृद्ध आणि जखमी मनुष्य यांना या अटी पाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी यंत्र, मात्रा व रुग्णाची स्थिती यांत करावे लागलेले फेरफार हा वैद्यकाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग आहे. रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरसारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून दूर असलेल्या किनारी गावांच्या बाबतीत त्याला विशेष महत्त्व येते. कारण पहिले चित्र सदोष निघाल्यास पुन्हा प्रारण, पुन्हा प्रवास व उपचारास विलंब असे तिहेरी नुकसान होते.

प्रारंभ : व्हिल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरणांचा शोध लागला. ३ फेब्रुवारी १८९६ रोजी अमेरिकेतील डार्टमथ येथे बर्फावर घसरून मनगट मोडलेल्या १४ वर्षांच्या मुलाचे चित्र घेण्यात आले. त्यासाठी त्याला सु. २० मिनिटे हात स्थिर ठेवावा लागला. म्हणजे क्ष-किरणांच्या अगदी पहिल्या वैद्यकीय उपयोगांतच बालक व अपघात ही दोन्ही प्रकरणे एकत्र आली होती. मात्र मुलाला यंत्राच्या सोयीने वागावे लागले, यंत्राला मुलाच्या सोयीने नव्हे. १८९७–९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक बीव्हर यांनी डोंगराळ मुलखात वाहून नेलेल्या यंत्राने जखमींच्या शरीरांतील गोळ्यांचा शोध घेतला. यंत्र रुग्णाजवळ नेण्याचा भारतीय उपखंडातील हा एक आरंभीचा प्रयोग होय. पहिल्या महायुद्धात मारी क्यूरी यांनी मोटारगाड्यांवर क्ष-किरण यंत्रे बसवून ती फ्रान्समधील आघाडीच्या रुग्णालयांपर्यंत नेली.

विल्यम कूलिज यांची तप्त तंतूची नळी (१९१३), तीव्रतावर्धक पडदे व अधिक शक्तिमान जनित्रे यांमुळे उद्भासनाचा काळ मिनिटांवरून सेकंदाच्या अल्पशा अंशापर्यंत उतरला. चळवळ्या मुलाचे व कंपवात असलेल्या वृद्धाचे स्पष्ट चित्र मिळणे प्रथमतः यामुळे शक्य झाले.

बालके : मुलांच्या पेशी वेगाने विभागतात व त्यांच्यापुढे दीर्घ आयुष्य असते, त्यामुळे प्रारणाचा उशिरा दिसणारा परिणाम त्यांच्यात अधिक संभवतो. हे ध्यानात येण्यास बराच काळ व मोठी किंमत लागली. तान्ह्या मुलांच्या छातीतील यौवनलोपी ग्रंथी, अर्थात थायमस, स्वभावतःच मोठी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्ष-किरण चित्रातील तिची मोठी छाया रोग समजून अनेक अर्भकांच्या छातीवर प्रारणोपचार करण्यात आले. त्यांपैकी काहींना पुढे अवटू ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे १९५० मध्ये दाखविण्यात आले. मुलाचे चित्र म्हणजे प्रौढाच्या चित्राची लहान प्रत नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होता. १९५६ मध्ये ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी गर्भावस्थेतील क्ष-किरण तपासणी व बालपणातील कर्करोग यांचा संबंध पुढे आणला. प्रारंभी त्यावर बराच वाद झाला, तथापि पुढे गर्भवतींची अशी तपासणी झपाट्याने कमी झाली.

बालकांच्या क्ष-किरण निदानाला स्वतंत्र शास्त्राचे रूप देण्यात जॉन कॅफी यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९४६ मध्ये त्यांनी मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचलेल्या सहा अर्भकांत लांब हाडांचे अस्थिभंगही आढळल्याचे नोंदविले. या निरीक्षणातून पुढे, १९६२ मध्ये, मारहाण झालेल्या बालकाच्या लक्षणसमूहाला वैद्यकीय मान्यता मिळाली. बोलता न येणाऱ्या मुलाच्या वतीने क्ष-किरण चित्र साक्ष देऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

व्यवहारात बालकांसाठी पुढील फेरफार रूढ झाले : उद्भासनकाल अत्यल्प ठेवणे, किरणशलाका आवश्यक भागापुरती संकुचित करणे, शरीराची जाडी कमी असल्यास विकिरण अडविणारी जाळी काढून टाकणे (जाळीमुळे मात्रा वाढवावी लागते), पट्ट्या व वाळूच्या पिशव्यांनी अवयव स्थिर करणे आणि मुलाला धरणे भाग पडल्यास पालकाला शिशाचा अंगरखा देणे. गर्भवतीने मुलाला धरू नये, तसेच कर्मचाऱ्यांनी हे काम नित्य करू नये, असा नियम आहे. जननेंद्रियांवर शिशाचे आच्छादन ठेवण्याची प्रथा १९५० नंतर दृढ झाली. परंतु आच्छादन जागेवरून सरकल्यास निदानाचा भाग झाकला जातो व चित्र पुन्हा घ्यावे लागते. मात्रा आता मूळच्या मानाने पुष्कळच घटल्यामुळे २०१९ पासून तज्ज्ञसंस्थांनी तिचा सरसकट वापर थांबविण्याची शिफारस केली आहे.

हाताच्या चित्रावरून वय ठरविण्यासाठी वापरला जाणारा ग्रॉयलिक व पाइल यांचा चित्रसंग्रह (१९५०) अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील सुस्थितीतील मुलांवर आधारलेला आहे. निराळ्या आहाराच्या व समाजाच्या मुलांना तो लावताना चूक संभवते. भारतातील २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल, तरच वय ठरविण्यासाठी अस्थिचाचणीचा आधार घेतला जातो.

वृद्ध : वृद्धांमध्ये प्रारणाच्या दूरगामी परिणामापेक्षा अस्थिभंग नजरेतून सुटण्याचा धोका मोठा असतो. हाडे विरळ झाल्याने, म्हणजे अस्थिसुषिरतेमुळे, त्यांचा आसपासच्या ऊतकांशी असणारा छायाभेद कमी होतो. त्यामुळे प्रौढांसाठी ठरविलेला विद्युत् दाब कमी करावा लागतो. पाठीला बाक असल्यास रुग्णास सपाट निजविणे क्लेशकारक ठरते, म्हणून उशांचा आधार देऊन किंवा बसवून चित्र घेतात. १९७० मध्ये मनमोहन सिंग, नागरथ व मैनी या भारतीय वैद्यांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील तुळयांसारख्या रेषांच्या लोपावरून अस्थिसुषिरतेचे सहा टप्पे ठरविले. ‘सिंग निर्देशांक’ या नावाने ही पद्धत जगभर ज्ञात झाली. साध्या चित्रावर ती अवलंबून असल्याने महागडी साधने नसलेल्या ठिकाणीही ती वापरता आली. मात्र पाहणाऱ्यागणिक निष्कर्ष बदलत असल्याने घनतामापनाने पुढे तिची जागा घेतली. पडल्यानंतर पाय टेकता न येणाऱ्या वृद्धाचे पहिले चित्र निर्दोष दिसले, तरी मांडीच्या हाडाच्या मानेचा अस्थिभंग नाही असे मानता येत नाही. अशा वेळी चुंबकीय अनुस्पंदन किंवा संगणकीय छेददर्शन करावे लागते.

अपघातग्रस्त : जखमीला हलविण्यामुळे मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून रुग्ण न हलविता नळी व शोधक फिरविणे, आडव्या शलाकेने मानेचे व मांडीचे पार्श्वचित्र घेणे आणि सांध्यावरील व सांध्याखालील भाग चित्रात येईल असे पाहणे, हे नियम झाले. १९८० पासून प्रसृत झालेल्या प्रगत आघातोपचार शिक्षणक्रमात मान, छाती व श्रोणी यांची तीन चित्रे प्राथमिक तपासणीत धरली गेली. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या संगणकीय छेददर्शनाचा रुग्णावरील पहिला उपयोग १९७१ मध्ये झाला व पुढे गंभीर जखमींच्या तपासणीत त्याला प्रथम स्थान मिळाले. परंतु छातीच्या एका साध्या चित्रात सु. ०.०२ मिलिसीव्हर्ट, तर पोटाच्या छेददर्शनात त्याच्या शेकडो पट मात्रा पडते. बालपणी छेददर्शन झालेल्यांत रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, असे २०१२ मध्ये ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत आढळले. त्यामुळे जखमी बालकाच्या बाबतीत त्वरा व संयम यांचा मेळ घालावा लागतो.

महाराष्ट्र व रायगड किनारा : मुंबईत परळ येथे १९२६ मध्ये राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय व १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले. बालकांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची कल्पना त्यामुळे पश्चिम भारतात रुजली. १९५५–५८ मधील राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत फिरत्या पथकांनी लहान आकाराच्या फिल्मवर छातीची चित्रे घेतली. यंत्र खेड्यापर्यंत पोहोचले, तरी पाच वर्षांखालील मुले पाहणीबाहेर राहिली. १९८३ मध्ये स्थापन झालेले व मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ देशातील क्ष-किरण यंत्रांना परवाने देते व सुरक्षेचे नियम ठरविते.

हरिहरेश्वर हे श्रीवर्धन तालुक्यातील तीर्थक्षेत्र सावित्री नदीच्या मुखाजवळ वसले आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात व नंतर कुलाबा जिल्ह्यात होता. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. येथील प्रदक्षिणेची वाट कातळातील पायऱ्या उतरून समुद्रालगतच्या खडकांवरून जाते व ओहोटीच्या वेळीच चालण्याजोगी असते. ओल्या खडकावरून वृद्ध यात्रेकरू व मुलेही जातात. गावोगावच्या नारळ-पोफळीच्या बागांत झाडावरून पडणे, हे कोकणातील मणक्याच्या व हातापायांच्या दुखापतींचे परिचित कारण आहे. अशा रीतीने तिन्ही प्रकारच्या रुग्णांचा प्रश्न या एकाच परिसरात उभा राहतो. तालुक्याचे ठिकाण श्रीवर्धन सु. २० किमी. वर, तर मुंबई–गोवा महामार्गावरील माणगाव त्याहून बरेच दूर आहे. जिल्हा रुग्णालय अलिबाग येथे आहे.

अशा ठिकाणी निघण्यापूर्वीची काळजी चित्रणाचाच भाग ठरते. मोडलेला अवयव लाकडी फळीने बांधल्यास ती न सोडता चित्र घेता येते. धातूची पट्टी मात्र छाया झाकते. आधीची चित्रे बरोबर दिल्यास तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. अंकीय चित्र दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येत असल्याने रुग्णाला पुढे हलवावे की नाही, हे जागीच ठरविता येते. तथापि अंकीय पद्धतीत जादा मात्रेने घेतलेले चित्रही चांगलेच दिसते. फिल्म काळी पडून मिळणारी जुनी सूचना तीत मिळत नाही. म्हणून वय, जाडी व दुखापत पाहून मात्रा ठरविण्याची तंत्रज्ञाची जबाबदारी नव्या यंत्रांमुळे कमी न होता वाढली आहे.